हरवलेल्या वजनाचा हिशेब : वाराणसी १७९८ ते धजाळा १९७६

१९ डिसेंबर १७९८. रात्री आठच्या सुमारास वाराणसी आणि जौनपूरच्या परिसरात आकाशात एक प्रचंड अग्निगोल दिसला. त्याचा उजेड लख्ख चांदण्यासारखा होता. पाठोपाठ मेघगर्जनेसारखा आवाज झाला आणि जड वस्तू जमिनीवर आदळल्याचे ध्वनी ऐकू आले. आकाश निरभ्र होते; त्याआधी आठवडाभर ढगाचा मागमूसही नव्हता. वाराणसीपासून सुमारे १४ मैलांवर, गोमतीच्या उत्तरेला असलेल्या एका गावाजवळ दगड पडले. इंग्रजी कागदपत्रांत त्या गावाचे नाव क्राखुट असे नोंदले आहे. त्यांतला सुमारे दोन पौंडांचा एक दगड एका पहारेकऱ्याच्या झोपडीचे छप्पर फोडून आत शिरला आणि चोपलेल्या जमिनीत काही इंच रुतला. पहारेकरी त्या वेळी जवळच उभा होता.

ही हकिकत आपल्यापर्यंत पोहोचली ती जॉन लॉइड विल्यम्स यांच्यामुळे. वाराणसीत राहणाऱ्या या गृहस्थांनी साक्षी गोळा करून तिचा वृत्तांत लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडला. बातमी कळताच जिल्ह्याच्या न्यायाधीशांनी एक हुशार माणूस गावी पाठवला होता. गावकऱ्यांनी त्याला सांगितले, की सापडलेले दगड काहींनी फोडून टाकले, काही तहसीलदाराला आणि इतरांना देऊन टाकले. मात्र शेतात शोधलात तर आणखी मिळतील. पीक अजून दोन-तीन बोटेच वर आले आहे, जिथे माती नुकतीच उकरल्यासारखी दिसेल तिथे पाहा. त्या खुणेवरून गेलेल्या माणसाला चार दगड मिळाले. ओलाव्याच्या शेतजमिनीत ते सुमारे सहा इंच खोल गेले होते.

विल्यम्स यांनी या दगडांचे जे वर्णन केले, ते आजच्या अभ्यासकालाही आदराने वाचावेसे वाटेल. दगड ओबडधोबड घनाकृती, पण कडा गोलसर झालेल्या. वरून सर्वत्र एक कठीण काळे कवच, कुठे कुठे रोगण फासल्यासारखे. फोडल्यावर मात्र आत पांढुरकी, रवाळ माती, तीत करड्या रंगाच्या बारीक गोळ्या आणि चमकणारे धातूचे कण. बाहेरची काळिमा आत शिरलेलीच नव्हती. आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही. बहुतेक दगडांच्या काही बाजू तुटलेल्या होत्या, पण त्या तुटलेल्या बाजूंवरही तसेच काळे कवच चढलेले होते. यावरून त्यांनी तर्क केला, की दगड जमिनीवर येण्याआधीच तुटले आणि तुटल्यावरही ते प्रखर उष्णतेतून गेले.

उल्केच्या झिजेविषयीचे हे एक महत्त्वाचे आरंभीचे निरीक्षण आहे. दगड येताना भाजला, तुटला, पुन्हा भाजला, एवढे त्याच्या अंगावर लिहिलेले होते. पण निघताना तो केवढा होता आणि वाटेत त्याने किती गमावले, हे त्या कवचावरून कळत नव्हते. या दुसऱ्या प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर मिळायला पावणेदोनशेहून अधिक वर्षे जावी लागली आणि त्या उत्तरातला मोठा वाटा भारतीय प्रयोगशाळांचा आहे. तो इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतो, म्हणून हा लेखप्रपंच.

त्या काळी आकाशातून दगड पडतात हे युरोपातील विद्वानांना मान्य नव्हते. जर्मन पदार्थवैज्ञानिक क्लाद्नी याने १७९४ मध्ये एक छोटे पुस्तक लिहून असे दगड पृथ्वीबाहेरून येतात असे मांडले, तेव्हा त्याची थट्टाच अधिक झाली. मात्र वाराणसीचा अग्निगोल दिसला त्याच वर्षी, १७९८ मध्ये, ग्योटिंगेनचे ब्रांडेस आणि बेंझेनबेर्ग हे दोन विद्यार्थी काही मैलांच्या अंतरावर उभे राहून एकच उल्का एकाच वेळी टिपत होते. दोन ठिकाणांहून दिसणाऱ्या दिशांतील फरकावरून त्यांनी उंची काढली. ती सरासरी ९० किलोमीटरच्या आसपास भरली. पेटती उल्का म्हणजे जमिनीलगतच्या वायूंचा भडका, ही जुनी समजूत त्या मोजमापाने खिळखिळी केली.

पुढे १८०२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड हॉवर्ड यांनी वाराणसीचे दगड आणि इंग्लंड, इटली व बोहेमिया येथे पडलेले दगड यांचे शेजारी-शेजारी विश्लेषण केले. एकमेकांपासून हजारो मैल दूर पडलेल्या या दगडांची घडण विलक्षण सारखी निघाली आणि त्यांच्यातील लोहकणांत निकेल सापडले. क्राखुटच्या शेतकऱ्यांनी दाखवलेल्या त्या खुणा अशा रीतीने अशनी आकाशातून येतात या निष्कर्षाच्या पायाभरणीत लागल्या.

आता प्रश्न असा, की थंड अवकाशातून आलेला दगड पेटतो कशाने? १८४० च्या दशकात जेम्स ज्यूल यांनी उष्णता आणि गती यांचे नाते प्रस्थापित करताना उल्कांचाच दाखला दिला होता : वातावरणाच्या विरोधाने गती हरपते आणि तिची उष्णता होते. आपण शाळेत ‘घर्षणाने उल्का पेटते’ असे शिकतो. ते अगदीच खोटे नाही, पण ढोबळ आहे. ९० किलोमीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा लाखो पटींनी विरळ असते. तिथे वाळूच्या कणाएवढ्या उल्केवर हवेचे रेणू सुटे सुटे, गोळ्यांसारखे आदळतात आणि तिच्या पृष्ठभागावरचे अणू उडवून देतात. मोठा दगड अधिक खाली, दाट हवेत पोहोचतो. तिथे त्याच्या पुढची हवा बाजूला सरायला सवडच मिळत नाही. ती दबते, हजारो अंश तापते आणि त्या तापलेल्या हवेची आच दगडाच्या दर्शनी भागाला वितळवते. वितळलेला थर वाऱ्याने पुसला जातो, खालचा थर उघडा पडतो, तोही वितळतो. वस्तुमानाची झीज म्हणतात ती हीच.

थोडा हिशेब करू. उल्का वातावरणात सेकंदाला सुमारे ११ ते ७२ किलोमीटर या वेगाने शिरतात. २० किलोमीटरचा वेग धरला, तर दर किलोग्रॅममागे गतिज ऊर्जा २० कोटी ज्यूल होते. एक किलोग्रॅम दगड तापवून, वितळवून, त्याची पूर्ण वाफ करायला साधारण ८० लाख ज्यूल पुरतात. म्हणजे दगडाजवळ स्वतःला पंचवीस वेळा नाहीसे करण्याइतकी ऊर्जा असते. तरी काही दगड जमिनीवर पोहोचतात, कारण या ऊर्जेचा फार मोठा भाग हवा तापवण्यात, तिला ढकलण्यात आणि प्रकाशात खर्च होतो. दगडाच्या वाट्याला थोडाच येतो.

शिवाय सारा खेळ काही सेकंदांचा. दगड उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे तेवढ्या अवधीत आच आत पोहोचत नाही. तापलेला थर पुसला जाण्याचा वेग उष्णता आत झिरपण्याच्या वेगापेक्षा अधिक असतो. म्हणूनच काळे कवच जेमतेम मिलिमीटरभर जाड असते आणि त्याखालची माती ग्रहांच्या जन्मकाळाइतकी जुनी, न भाजलेली राहते. वाचलेला दगड साधारण १५ ते २० किलोमीटर उंचीवर येईपर्यंत त्याचा वेग इतका घटतो, की वितळणे थांबते. तिथून पुढे तो न चमकता, साध्या दगडासारखा खाली येतो.

झिजेचे प्रमाण मात्र नजरेला फसवते. दगड गोल आहे आणि त्याची त्रिज्या निम्मी झाली असे समजा. पाहणाऱ्याला वाटेल, अर्धा गेला. प्रत्यक्षात आकारमान त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे एक अष्टमांशच उरतो; साडेसत्त्याऐंशी टक्के जातो. ५० सेंटिमीटर त्रिज्येच्या दगडावरून चहूबाजूंनी फक्त ५ सेंटिमीटर सोलले, तरी चौथ्या हिश्श्याहून अधिक वजन गेलेले असते. हातात आलेल्या दगडावरून मूळ दगडाची कल्पना करणे म्हणून अवघड. त्यासाठी एक तर झीज होत असतानाच मोजायला हवी, नाहीतर दगडाच्या आतच तिची खूण शोधायला हवी. भारतात दोन्ही वाटा चोखाळल्या गेल्या.

पहिली वाट रेडिओलहरींची. उल्केतून उडालेले अणू हवेच्या रेणूंवर इतक्या वेगाने आदळतात, की इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि उल्केमागे विद्युतभारित कणांचा एक पट्टा उरतो. नोव्हेंबर १९३३ मध्ये लिओनिड उल्कावर्षावाच्या काळात कोलकात्यात शिशिरकुमार मित्र आणि त्यांचे सहकारी श्याम व घोष यांनी आयनांबराकडे रेडिओलहरी पाठवून त्यांचे परावर्तन तपासले. रात्री एरवी क्षीण होणाऱ्या ई-थरात आयनीभवन वाढल्याचे त्यांना आढळले. हे निरीक्षण १९३४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. उल्का आणि आयनांबर यांचा संबंध दाखवणाऱ्या जगातील सुरुवातीच्या पुराव्यांत त्याची गणना होते.

त्यानंतर दिल्ली. तिथे ऑल इंडिया रेडिओमधील चमनलाल आणि वेंकटरामन यांना लघुलहरींवरील प्रक्षेपण ऐकताना मधूनच शिट्टीसारखे, स्वर उतरत जाणारे आवाज ऐकू येत. त्यांनी त्याचा छडा लावला. प्रक्षेपकाकडून सरळ येणारी लहर आणि धावत्या उल्केच्या आयनित हवेवरून परतलेली लहर यांच्या वारंवारतेत डॉपलर परिणामामुळे फरक पडतो आणि त्या दोहोंच्या मिश्रणातून ती शिट्टी उमटते. १९४१ मध्ये त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले. डोळ्यांना न दिसणारी, ढगाआडची किंवा भर दुपारची उल्काही त्यामुळे ऐकता येऊ लागली. महायुद्धानंतर जगभर रडारने उल्का मोजण्याचे शास्त्र उभे राहिले, त्याची एक पायरी दिल्लीत घडली होती. उल्का किती झिजली तेवढे इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणून आयनित पट्ट्यावरून बारीक उल्कांच्या वजनाचा अंदाज घेता येतो.

पण रडारच्या बहुतेक उल्का जमिनीपर्यंत येत नाहीत. जो दगड येतो, त्याच्या हरवलेल्या भागाचे काय? त्याचे उत्तर मिळाले विश्वकिरणांकडून.

या वाटेवर ज्यांचे नाव प्रथम घ्यावे ते देवेंद्र लाल. त्यांचा जन्म १९२९ मध्ये वाराणसीतच झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बर्नार्ड पीटर्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांवर काम सुरू केले आणि १९७२ मध्ये ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. दरम्यान १९६० च्या दशकात असे दिसून आले होते, की अशनींतील ऑलिव्हिन, पायरॉक्सिन यांसारख्या खनिजांतून विश्वकिरणांतली लोहासारखी जड अणुकेंद्रके जातात तेव्हा स्फटिकात इजेची एक अतिसूक्ष्म रेघ मागे उरते. योग्य रासायनिक द्रावणात तो स्फटिक ठेवला, की इजा झालेला भाग आधी विरघळतो, रेघ रुंदावते आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. या रेघांना आपण माग म्हणू.

दगड अवकाशात लक्षावधी वर्षे भटकत असतो. जड अणुकेंद्रके त्याच्यात फार खोल शिरू शकत नाहीत. त्यामुळे पृष्ठभागाजवळ माग दाट असतात आणि आतल्या दिशेने, पहिल्या काही सेंटिमीटरांतच, ते झपाट्याने विरळ होत जातात. दगड अवकाशात किती काळ उघडा होता हे निऑनसारख्या वायूंच्या विश्वकिरणांनी निर्माण केलेल्या समस्थानिकांवरून काढता येते. काळ ठाऊक असला, की मागांच्या दाटीवरून खोली कळते. काळ्या कवचाखालचा एक कण घ्या, त्यातले माग मोजा, आणि हा कण मूळ पृष्ठभागापासून किती आत होता ते सांगा. जेवढी खोली येईल, तेवढा थर त्या बाजूने वातावरणात गेला. जो भाग उरलाच नाही, त्याची जाडी उरलेल्या भागाने सांगावी, असा हा विलक्षण पुरावा आहे.

त्याची कसोटी घेण्याची संधी लवकरच चालून आली. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री, ८ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास, गुजरातच्या आकाशात अग्निगोल दिसला आणि सुरेंद्रनगर जिल्ह्यातील धजाळा गावाच्या परिसरात दगडांचा वर्षाव झाला. अहमदाबादची प्रयोगशाळा तिथून फार दूर नव्हती. ताजे दगड हाती आले, कोणता कुठे पडला याच्या नोंदी झाल्या. एकूण सुमारे ४५ किलोग्रॅम वस्तुमान गोळा झाले. लोकांनी काय पाहिले, कोणत्या दिशेला, किती वेळ, हे विचारून शास्त्रज्ञांनी त्या पिंडाची अवकाशातील कक्षाही मांडली. ती लघुग्रहांच्या पट्ट्याकडे नेत होती.

हे ४५ किलोग्रॅम एका गोळ्यात एकवटले, तर त्याची त्रिज्या १५ सेंटिमीटरही भरत नाही. मूळ पिंड एवढाच असता, तर त्याच्या बहुतेक तुकड्यांत माग दाट सापडायला हवे होते. लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या तुकड्यांतले माग मोजले, तेव्हा आढळले की मूळ पिंड सापडलेल्या दगडांच्या एकत्रित वजनापेक्षा कितीतरी मोठा होता. इथे शंका येऊ शकते : उरलेले तुकडे सापडलेच नसतील तर? ती रास्त आहे. म्हणूनच कवचालगतच्या मागांचे महत्त्व. न सापडलेला तुकडा कुठेतरी शेतात पडलेला असू शकतो, पण सापडलेल्या तुकड्याच्या मूळ पृष्ठभागाकडील बाजूवरून सोलला गेलेला थर वितळून गेला हे निश्चित. तुकडा पिंडाच्या पृष्ठभागाजवळचा होता की गाभ्यातला, याचाही अंदाज करता येतो. तुटणे आणि झिजणे या दोन्ही गोष्टी अशा एकाच दगडातून वेगळ्या वाचता आल्या. विल्यम्स यांनी काळ्या कवचावरून जे ताडले होते, त्याला १७९ वर्षांनी, १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून आकडे मिळाले.

१९८० मध्ये लाल, नरेंद्र भंडारी आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी माग आणि निऑन ही जोडी अनेक अशनींना लावून झिजेचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. त्यातून दिसले, की झीज दगडागणिक फार वेगवेगळी असते. कुणी थोडक्यात सुटतो, कुणाचा अगदी अल्प अंश उरतो. पण सर्वसाधारण दगडी अशनी आपल्या मूळ वजनाचा अर्ध्याहून बराच अधिक भाग वाटेत गमावून आलेला असतो. संग्रहालयात काचेआड ठेवलेला प्रत्येक दगड हा एका मोठ्या दगडाचा गाभा आहे.

या ज्ञानाचा उपयोग केवळ दगडांपुरता नाही. स्वतः झिजून आतल्या भागाला वाचवायचे, ही अशनीची रीत अवकाशयानाच्या उष्णताकवचातही वापरली जाते. भारताची पहिली परतणारी कुपी २२ जानेवारी २००७ रोजी बंगालच्या उपसागरात उतरली, तेव्हा तिच्या टोकावर झिजत जाणाऱ्या कार्बन-फिनॉलिक पदार्थाचे आवरण होते. गगनयानातून परतणाऱ्या अंतराळवीरांचे प्राणही अशाच मोजून-मापून केलेल्या झिजेच्या भरवशावर असतील.

आणि जे गेले ते कुठे गेले? नाहीसे झाले, असे आपण सहज म्हणतो. पण उल्कांतून उडालेले अणू वरच्या वातावरणातच राहतात. साधारण ८० ते १०५ किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवती सोडियमच्या अणूंचा एक विरळ थर आहे. तो उल्कांच्या झिजेतून पोसला जातो. तिरुपतीजवळच्या गादंकी येथील राष्ट्रीय वातावरणीय संशोधन प्रयोगशाळेत सोडियमला प्रतिसाद द्यायला लावणारा पिवळा लेसर आकाशात सोडून या थराची निरीक्षणे केली गेली आहेत. वाराणसीच्या आणि धजाळाच्या दगडांनी जे गमावले, तेही कधीकाळी असेच हवेत मिसळले.

या इतिहासात शास्त्रज्ञांची नावे आहेत, पण दोन्ही टोकांना गावकरी आहेत. कोवळ्या पिकातली उकरलेली माती ज्यांनी दाखवली ते, आणि पावणेदोनशे वर्षांनंतर आपण काय पाहिले ते ज्यांनी नीट सांगितले ते. १७९८ मध्ये काही दगड फोडले गेले, काही हातोहात वाटले गेले. त्यांच्या आत कोणते माग होते हे आता कधीच कळणार नाही. ६ जून २०१७ च्या पहाटे जयपूरजवळच्या मुकुंदपुरा येथे शेतात दगड पडला, तो मात्र अभ्यासकांपर्यंत पोहोचला आणि दुर्मिळ कार्बनयुक्त अशनी ठरला.

म्हणून वाचकांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, एक विनंती. कधी अग्निगोल दिसला, तर वेळ, दिशा आणि गडगडाट किती सेकंदांनी ऐकू आला हे लगेच लिहून ठेवा. काळ्या कवचाचा ताजा दगड सापडला, तर तो फोडू नका, धुऊ नका, लोहचुंबक लावू नका. तो कुठे पडला त्या जागेचे छायाचित्र घ्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. त्या दगडाने वातावरणात जे गमावले ते मोजता येते; आपल्या हातून जे गमावले जाईल ते मोजता येणार नाही.